तिसरी पिशवी

३ फेब्रुवारी

ताई,

माझं अक्षर दिसलं की तू पाकीट न फोडताच बाजूला टाकशील, हे मला ठाऊक आहे. म्हणून वरचा पत्ता ह्यांच्याकडून लिहून घेतला. फसवलं म्हणून चिडली असशील. चीड, पण फोडलंच आहेस तर आता शेवटपर्यंत वाच. फोन तू उचलत नाहीस. भावजी उचलतात, पण तुझं नाव काढलं की त्यांची रेंज जाते.

आधी कामाचं सांगते. भोपू जन्मला तेव्हा भावजींनी हट्टानं त्याच्या नाळेतलं रक्त साठवायला दिलं होतं, आठवतं? लोक सोनं ठेवतात लॉकरमध्ये, हे नाळ ठेवतात, म्हणून आपण दोघींनी त्यांची किती टिंगल केली होती! ते रक्त अजून तिथेच आहे. तीन छोट्या पिशव्या, गोठवलेल्या. त्यात स्टेम सेल असतात, म्हणजे अजून काय व्हायचं ते न ठरलेल्या पेशी. बिट्टीचे डॉक्टर म्हणाले की सेरेब्रल पाल्सी असलेल्या काही मुलांना त्या दिल्यावर थोडा फरक पडलेला दिसतो. भावाबहिणींच्या चांगल्या, पण भोपूच्याही हिच्याशी बऱ्याच जुळतात. कसं तपासलं ते विचारू नकोस. भावजींनी कागद पाठवले आणि वर म्हणाले, ‘सही तिचीच लागते. तिला विचार.’ म्हणून विचारते आहे.

बिट्टी आता सात वर्षांची होईल. अजून टेकूशिवाय बसत नाही. मुठी वळलेल्या, अंगठे आत दडपलेले, पाय कात्रीसारखे एकमेकांवर. तोंडातून एक शब्द नाही, नुसता तो ‘ऊंऽ’. उंची वाढते आहे तसे खुब्याचे सांधे आवळत चाललेत आणि डॉक्टर म्हणतात, जे करायचं ते लवकर करा. त्यांनी मला काही आश्वासन दिलेलं नाही, हेही सांगून ठेवते. ‘काहींना फरक पडतो, काहींना नाही, आणि का पडतो हे आम्हालाही पुरतं कळलेलं नाही,’ असं स्वच्छ म्हणाले. अशा माणसावर विश्वास ठेवावासा वाटतो.

मला फार काही नको. तिनं स्वतःची स्वतः बसावं आणि एकदा मला ‘आई’ म्हणावं. तुझ्या मुलाचं रक्त मागते आहे, हे कळतंय मला.

त्या दिवशी तू जे बोललीस ते मी काढत नाही. काढायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसले आहे.

तुझी,
धाकटी


२६ फेब्रुवारी

ताई,

सही मिळाली. एका पिशवीपुरती. सोबत बरी-वाईट एक ओळ नाही. पण सहीच्या जागी कागद जरा फुगला होता, पाणी पडून वाळल्यासारखा. मी तो ह्यांना दाखवला नाही, तसाच डॉक्टरांकडे दिला.

काल पहिली पिशवी चढवली. तुला ऐकायचं नसेल तर हा परिच्छेद सोड. एका पिंपातून थंड धूर बाहेर आला आणि त्यातून नर्सनं ती काढली. माझ्या तळहातात मावेल एवढी. मग कोमट पाण्यात हलवत हलवत वितळवली. मी म्हटलं, ‘एवढंसंच?’ ती म्हणाली, ‘एवढंसंच असतं हो.’ बिट्टीच्या हातात सुई होतीच. तो लाल रंग नळीतून सरकत तिच्याकडे निघाला, तेव्हा मला एकदम नळी चिमटीत धरावीशी वाटली. का, ते सांगता येत नाही. धरली नाही.

थोड्या वेळानं खोलीत वास यायला लागला. कुणीतरी शेजारी बसून लसूण सोलावी तसा. शोधून पाहिलं तर तो बिट्टीच्या श्वासातून येत होता. नर्स म्हणाली, ‘पेशी गोठवताना एक औषध घालतात, त्याचा वास आहे. एक-दोन दिवसांत जाईल.’ घरी आणल्यावर अंथरुणाला, उशीला, माझ्या पदराला, सगळीकडे तोच. हे म्हणाले, ‘कुणी पाहुणं आल्यासारखं वाटतंय घरात.’ ते सहज म्हणाले, पण माझ्या अंगावर काटा आला.

ठिबक चालू असताना तिला उताणी, शांत ठेवायचं असतं. हातपाय आखडले की सुई निसटते. माझा आवाज थांबला की ती आखडते, म्हणून नर्सनं सांगितलं, ‘आई, तुम्ही बोलत राहा.’ मी बोलत राहिले. काय बोलले म्हणशील तर असंच, इकडचं तिकडचं.

आभार मानत नाही. तो शब्द या कामाला फार लहान पडेल.

तुझी,
धाकटी


१९ मार्च

ताई,

बिट्टीचे अंगठे बाहेर आले! दोन्ही! सकाळी तोंड पुसायला गेले तर मुठी अर्धवट उघड्या आणि अंगठे बाहेर. मी ह्यांना अंघोळीतून ओरडून बाहेर बोलावलं, ते साबणासकट आले. व्यायामवाल्या बाई म्हणाल्या, ‘पेशींमुळे असेल, व्यायामामुळे असेल, वाढीनं असेल. आपण आपलं काम करत राहायचं.’ फारच सावध बाई. मी मात्र कामावरच्या सगळ्यांना सांगितलं. मी अजून कवळ्याच बनवते, त्याच त्या ठिकाणी. दिवसभर परक्या माणसांच्या हिरड्यांचे साचे ओतायचे. मालक म्हणाले, ‘आज सगळ्या कवळ्या हसऱ्या झाल्यात.’

आणखी एक आहे. लिहू की नको, असं चार दिवस चाललंय माझं.

दुपारी झोपवलं की ती डाव्या टाचेनं भिंतीवर ठोकते. टक, टक, मग जरा थांबून टक. परवा मी आतल्या खोलीत घरी आणलेलं काम करत होते. ठोकल्याचं ऐकलं आणि हातातलं ओलं प्लास्टर तसंच टाकून उठले. ‘आले रे भोपू, आणते पाणी,’ असं तोंडातून निघूनही गेलं. दारातून बिट्टी दिसली, तेव्हा भानावर आले.

तुला आठवतं ना? सुट्टीत आमच्याकडे यायचा तेव्हा दुपारी त्याला पाणी हवं असलं की तो असंच ठोकायचा. हाक मारायचा आळस. एरवी आवाज भोंग्यासारखा, म्हणून तर नाव भोपू.

योगायोग असेल. तिला टाच पहिल्यांदाच हलवता येते आहे, भिंत जवळ आहे, ती ठोकणारच. तरी सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

धाकटी


११ एप्रिल

ताई,

दोन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. ‘अजून काय करते ते लिही.’ बस, इतकंच. आणि सोबत दुसऱ्या पिशवीची सही, मी न मागता. मी तो कागद छातीशी धरून स्वयंपाकघरात उभी राहिले. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. सहीचा झाला आणि अक्षराचाही झाला.

दुसरी पिशवी गेल्या आठवड्यात चढवली. पुन्हा तोच वास, पुन्हा मी बडबडत बसले.

तू विचारलंस म्हणून लिहिते. पाणी आपण तिला चमच्यानं पाजतो. आता चमचा पाहिला की ती तोंड फिरवते. बाटलीचं झाकण पुढे केलं की तोंड उघडते. झाकणातून, घोट घोट. कोण तसं प्यायचं, हे तुला सांगायला नको. आणि दुसरं, तिचा उजवा हात त्यातल्या त्यात बरा होता, पण आता जे काही करते ते डाव्यानं. व्यायामवाल्या बाई चकित झाल्या. ‘घरात कुणी डावखुरं आहे का?’ म्हणून विचारत होत्या. मी म्हटलं, ‘होतं.’

मी डॉक्टरांना धीर करून विचारलं की ज्याच्या पेशी, त्याच्या सवयी येतात का. ते हसले नाहीत, हे मला आवडलं. म्हणाले, ‘नाही. आणि त्या पेशी तिच्या अंगात टिकतही नाहीत. काही दिवस राहतात, तिच्या मेंदूला थोडी मदत करतात आणि निघून जातात.’ मी म्हटलं, ‘मग मागे कोण राहतं?’ ते म्हणाले, ‘कोण नाही हो. काय राहतं, असं विचारा.’

बाहेर आल्यावर हे म्हणाले, ‘असले प्रश्न त्यांना विचारू नकोस, आणि तुझ्या ताईला तर अजिबात लिहू नकोस.’ मी हो म्हटलं. आणि हे बघ, लिहिते आहे.

धाकटी


६ मे

ताई,

पार्सल पोचलं. पिवळा शर्ट उघडला आणि मला गलबलून आलं. दुसरं बटण अजून तसंच तुटलेलं आहे. तू धुतलेला नाहीस, हे लगेच कळलं.

तू म्हणालीस तसा तिला घातला. माप बरोबर बसलं. तिला भिंतीशी लोड लावून टेकवलं, बाह्या नीट केल्या आणि मी बटणं लावायला खाली वाकले. वर पाहिलं तर लोड बाजूला पडलेला आणि ती बसलेली. नुसती, आधाराशिवाय. मान सरळ, डावा हात मांडीवर. सात वर्षं ज्याची वाट पाहिली ते माझ्यासमोर घडत होतं आणि मला टाळी वाजवता येईना, कारण ती ज्या ऐटीत बसली होती ती ऐट बिट्टीची नव्हती.

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले. मी रोज तोंडांचं काम करणारी बाई, शब्द तोंडात जुळायला लागला की मला जबड्यावरून कळतं. ‘आ’ येणार म्हणून मी श्वास रोखला. ती म्हणाली, ‘माऊ.’

ताई, मला माऊ म्हणणारं जगात एकच माणूस होतं. मावशीतली ‘शी’ त्याला आवडायची नाही.

बाई म्हणतात, ‘म’ हे सगळ्यात सोपं अक्षर, बहुतेक मुलांचं पहिलं तेच असतं. बरोबर असेल त्यांचं. पण त्या दिवशी घरात पुन्हा लसणीचा वास आला. पिशवी चढवून महिना होऊन गेला होता. हे कामावरून आले आणि दारातच थबकले. तिच्या अंगावर शर्ट पाहिला. तिचे केस मी कापले होते, तेही पाहिलं. केस तोंडात जातात म्हणून कापले होते, तुझ्या सांगण्यावरून नव्हे, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, ‘आधी तो शर्ट काढ.’

मी म्हटलं, ‘ती बसली आहे हो! बघा तरी!’

‘बघतोय. कोण बसलंय ते बघतोय. हिचं नाव काय? बोल ना. नाव घेऊन हाक मार हिला.’

मी तोंड उघडलं आणि जीभ चावली. भलतंच नाव ओठांवर आलं होतं. ह्यांना ते कळलं. ते रात्री जेवले नाहीत.

तुझी पत्रं आता लांबलचक येतात. कधीकाळी हेच तर मला हवं होतं. पण त्यात तू विचारतेस, त्याला थंडी वाजते का, त्याला अंधाराची भीती वाटते का. पुन्हा पुन्हा चाळून पाहिली मी ती पत्रं. बिट्टी हे नाव त्यात एकदाही नाही.

एक विचारायचं आहे आणि तू खरं सांगायचंस. हल्ली बोळातला दिवा लागला आणि दाराच्या फटीतून उजेड आत आला की ती डाव्या तळव्यानं एक डोळा झाकते. फक्त एकच. उजेड गेला की हात खाली. भोपू असं करायचा का? मी कधी पाहिलेलं नाही. तो करत नव्हता, असं तू लिहावंस, ही माझी फार इच्छा आहे.

धाकटी


२ जून

ताई,

तुझं पत्र वाचलं. भोपू तसं करायचा.

म्हणजे हॉस्पिटलात, त्याच्या त्या शेवटच्या तापाच्या दिवसांत, डॉक्टर टॉर्चनं त्याच्या डोळ्यांत बघायला यायचे आणि दारातून उजेड आला की हा आधीच एक डोळा झाकून घ्यायचा. ‘एकच देणार, दुसरा झोपलाय,’ असं तुला सांगायचा. ते तुम्हा दोघांतच होतं, भावजींनाही माहीत नव्हतं. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ‘टॉर्च आम्ही हिच्याही डोळ्यांत मारतो, लहानपणापासून.’ हे खरं आहे. ते उत्तर पुरेसं आहे असं मी रोज स्वतःला बजावते.

आता तू लिहिलं आहेस की तिसऱ्या पिशवीला तू येणार, त्याचा पलंग, त्याच्या वस्तू घेऊन येणार आणि इथेच राहणार. सहीसुद्धा करून पाठवलीस. ताई, येऊ नकोस. आधी मी काय पाहिलं ते ऐक.

परवा मालकांनी दुपारीच सोडलं. घरी आले तेव्हा हे मागच्या बाजूला कपडे वाळत घालत होते. चपला काढून मी आवाज न करता बोळात आले, कारण ती झोपली असेल असं वाटलं. दार अर्धवट उघडं होतं. ती जागी होती. तिनं भिंतीवर ठोकलं. टक, टक, थांबून टक. मग मान वळवून दाराकडे कान दिला. कुणी आलं नाही. पुन्हा ठोकलं. पुन्हा वाट पाहिली. मग तिनं एक मोठा सुस्कारा सोडला, दिवसभराचं काम आटोपल्यावर मी सोडते ना, तसा. सगळं अंग सैल झालं. पाय एकमेकांवर गेले, अंगठे मुठीत शिरले आणि वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघून ती हसली. ‘ऊंऽ’ म्हणाली. माझी बिट्टी, जशीच्या तशी. किती दिवसांनी पाहत होते मी तिला!

मी पुढे पाऊल टाकलं. माझी सावली आत पडली. आणि ताई, तिचा चेहरा बदलला. घाईघाईनं. दारावर थाप पडली की आपण पदर सारखा करतो, तसा तिनं तो सारखा केला. अंगठे बाहेर काढले. डावा हात पुढे आला. ‘माऊ,’ म्हणाली.

मी मागे फिरले आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

ठिबक चालू असताना मी इकडचं तिकडचं बोलत नव्हते. दोन्ही वेळा मी तिला भोपूच सांगितला. त्याचं रक्त जातं आहे तर त्याच्याविषयीच बोलावं, असं वाटलं. टाच, झाकण, डावा हात, माऊ, सगळं. हातवारे करून, त्याच्या आवाजात सांगितलं. मनात आलंच नाही की ती ऐकते आहे. आपल्या घरात कुणाच्याच मनात कधी आलं नाही. हात हलत नाही, जीभ वळत नाही, म्हणजे आत काही नाही, असं धरून आपण तिच्यासमोर काय वाटेल ते बोलत आलो. भांडलो, रडलो, एकमेकांची उणीदुणी काढली. ती कोपऱ्यात पडून सगळं साठवत होती.

आता तुझं ते बोलणं काढावंच लागेल. भोपूला नेलं त्या दिवशी ती तिथेच होती, चटईवर, तुझ्या पायाशी. तू म्हणालीस, ‘माझा धावता मुलगा गेला आणि ही मागे राहिली. उलटं व्हायला हवं होतं.’ सगळ्यांसमोर म्हणालीस. मी तुला नाही नाही ते बोलले, मग तू गेलीस आणि आपलं बोलणं संपलं. पण कुणीतरी तेव्हा म्हणालं होतं, ‘जाऊ द्या, पोरीला कुठे काय कळतंय.’ ते ऐकून मला बरं वाटलं होतं. ती तेव्हा हसत होती ना.

ती हसत होती, ताई, आणि ऐकत होती. दोन वर्षांनी तिला पहिल्यांदा थोडं अंग वापरता आलं, आणि तिनं त्याचं हे केलं. जो राहायला हवा होता, तो ती होऊन दाखवते आहे. टाच ठोकली तेव्हा मी धावत आले. झाकणातून प्याली तेव्हा मी रडून तिचे मुके घेतले. शर्ट घातला तेव्हा घरात पहिल्यांदा तिच्यावरून कौतुक झालं आणि भांडणही झालं. तिला जे कळायचं ते कळलं.

डोळ्याचं मात्र मी तिला सांगितलेलं नाही. मला ते माहीतच नव्हतं. त्याचा विचार आला की मी पटकन दुसरं काम काढते.

येऊ नकोस. निदान पलंग घेऊन तरी येऊ नकोस.

धाकटी


१४ जून

ताई,

तिसरी पिशवी वितळवू नका, असं मी डॉक्टरांना सांगून आले. ते म्हणाले, ‘ठीक आहे, घाई नाही. व्यायाम सोडू नका.’ तुझी सही त्यांच्याकडेच आहे. तू रागावशील. आधी हे वाच आणि मग रागाव.

या महिन्यापासून बाईंनी एक नवीन पद्धत लावली आहे. दोन वस्तू तिच्यासमोर धरायच्या आणि, त्या जणू माणसंच आहेत असं खेळत, विचारायचं, ‘कोण हवं?’ ती ज्याच्याकडे बघेल ते द्यायचं. केळं की बिस्कीट, बाहुली की चेंडू. तिला खूप आवडतं ते. तिला कुणी काही विचारतंय, हेच तिला नवीन आहे. आता ते दोन शब्द तिला म्हणताही येतात, ओढून ताणून, पण कळतात.

परवा शर्ट मी धुऊन कपाटात ठेवला. तिला तिचा फ्रॉक घातला. ह्यांना बाहेर पाठवलं, तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. म्हटलं, ‘बाळा, घाबरू नकोस. मी रागावणार नाही. तू कोण आहेस ते मला सांग.’

ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. इतकं नीट तिनं मला कधी पाहिलं नव्हतं, किंवा मी कधी पाहू दिलं नव्हतं. जबडा हलायला लागला. मान थरथरली. मी ओठांकडे बघत होते. ती म्हणाली,

‘को…ण ह…वं?’

ताई, उत्तर जिभेवर हवं होतं. विचार करण्यासारखं त्यात होतं काय? पण जो बसतो, जो हात पुढे करतो, जो मला हाक मारतो, तो माझ्या डोळ्यांसमोर आला. आणि जी पंख्याकडे बघून ऊं करते, जिला मी जन्मभर उचलणार आहे, तीही आली. मी गप्प राहिले. एका श्वासाइतकीच. पण तिनं ते पाहिलं. ती सात वर्षं नुसतं बघतच आली आहे, तिच्यापासून काय लपणार!

मग मी म्हटलं, ‘बिट्टी हवी. मला बिट्टीच हवी.’ मोठ्यानं म्हटलं, पुन्हा पुन्हा म्हटलं, तिला पोटाशी घेऊन म्हटलं. ती माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत राहिली. तिला ते पटलं नाही.

तेव्हापासून ती काहीच करत नाही. टाच नाही, झाकण नाही, माऊ नाही. ऊंसुद्धा नाही. पंखा फिरतो, पण ती त्याच्याकडे बघत नाही. चमचा पुढे केला तर चमचा घेते, झाकण पुढे केलं तर झाकण. आजारी नाही, डॉक्टरांनी तपासलं. डोळे उघडे ठेवून पडून असते, चेहऱ्यावर कुणीच नसल्यासारखी. ह्यांनी हाक मारून पाहिली, बाईंनी पाहिली. काल रात्रीपासून वास आहे घरात, लसणीचा, उंबऱ्यापाशी सर्वात जास्त. मी दोनदा फरशी पुसली.

ती वाट बघते आहे. माझं उत्तर तिला कळलं, आता दुसऱ्या माणसाचं हवं आहे. ‘उलटं व्हायला हवं होतं’ हे वाक्य मी बोलले नव्हते, तू बोलली होतीस, आणि तुझ्याशिवाय ते कुणाला मागे घेता येणार नाही. मागच्या पत्रात येऊ नकोस म्हटलं होतं. आता म्हणते, ये. पलंग नको, कपडे नकोत, रिकाम्या हातानं ये. तुला भोपू किती हवा आहे, हे मला कळतं. दारात उभी राहशील, त्या क्षणी तो तुला मिळूही शकेल. तू नुसतं त्याचं नाव घेतलंस की ती उठून बसेल, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. मला तुला अडवता येणार नाही.

म्हणून रस्त्यात असतानाच ठरवून ये. हाक तिला ऐकू जाईल, आणि ज्याच्या नावानं मारशील, ते माणूस ती होईल.

तुझी,
धाकटी